कौल, मुदत आणि बंदूक

सिंधुदुर्गात परवान्याची बंदूक बहुधा शेताच्या राखणीसाठी असते. मालवण तालुक्यात आचऱ्यासारख्या गावात नारळ, काजू, आंबा आणि पावसाळी भात ही पिके आहेत, आणि या प्रत्येकावर कोणाचा ना कोणाचा डोळा असतो. माकडे नारळ पाडतात, रानडुकरे एका रात्रीत पिकल्या भाताची नासधूस करतात. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने या गरजेची नोंद घेतली आहे. कलम 13 मध्ये पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. परवाना मात्र मिळतो तो सवलत म्हणून. भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नाही. कारण दाखवावे लागते, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. 2019 च्या दुरुस्तीने ही मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहतील असे ठरवले.

निवडणूक जाहीर झाली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. विधानसभेची मतदाने 2009, 2014 आणि 2019 मध्ये ऑक्टोबरात आणि 2024 मध्ये नोव्हेंबरात झाली, म्हणजे ऐन भातकापणीच्या सुमारास. लोकसभेची मतदाने एप्रिल-मे महिन्यांत येतात, तेव्हा बागेत आंबा-काजू असतो. ज्या दिवसांसाठी परवाना दिलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत बंदूक ठाण्यात पडून राहते. 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. परवानाधारकांकडून सरसकट शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे व्हावा, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. जामिनावर असलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, पूर्वी दंग्यात सापडलेले यांच्या शस्त्रांचा आधी विचार करायचा, आणि निकालानंतर आठवडाभराने जमा शस्त्रे परत करायची. न्यायालयाचा तो निकाल मोठ्या राजकीय खटल्यातला नाही, तरी त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. ज्याने काही केलेले नाही त्याच्यावर, कोणी तरी काही करील या भीतीने, राज्याने किती बंधन घालावे?

भारतीय विचाराने हा प्रश्न दंडाच्या अंगाने मांडला आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी अवस्था टाळण्यासाठी राजा आणि त्याचा दंड हवा, हे महाभारताच्या शांतिपर्वात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विस्ताराने येते. पण कौटिल्य तिथेच थांबत नाही. दंड फार कठोर झाला तर प्रजा बिथरते, फार सौम्य झाला तर राजाला कोणी जुमानत नाही, म्हणून दंड ज्याच्या त्याच्या अपराधाच्या मापाचा असावा, असे तो मानतो. शिक्षेच्या बाबतीत हे माप सापडते, कारण तिथे अपराध घडून गेलेला असतो. भयाच्या काळातले कायदे न घडलेल्या अपराधाविरुद्ध असतात आणि न घडलेल्याला माप लावता येत नाही. पाश्चात्त्य विचारात हॉब्जने सतराव्या शतकात सुरक्षेच्या बदल्यात माणसाचे स्वातंत्र्य सार्वभौमाच्या हवाली केले. 1919 मध्ये मॅक्स वेबरने वैध बळाची मक्तेदारी हेच राज्याचे लक्षण सांगितले. हवाली केलेले परत कधी मिळणार, याचे उत्तर या दोघांकडून फारसे मिळत नाही.

मराठी वाचकाला या वादाचा सर्वांत जळजळीत प्रसंग 1908 सालात सापडतो. 30 एप्रिलला मुझफ्फरपूर येथे किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेला बॉम्ब चुकीच्या गाडीवर पडला आणि केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया मारल्या गेल्या. 8 जूनला सरकारने दोन कायदे एकाच दिवशी केले, एक स्फोटक द्रव्यांचा आणि दुसरा वृत्तपत्रांचा. टिळकांनी 12 मे रोजी ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि 9 जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असे अग्रलेख लिहिले. बॉम्बचे त्यांनी समर्थन केले नाही. पण लोकांचे ऐकायचे नाही आणि ते बोलू लागले की कायदा करायचा, या राज्यपद्धतीने निराश तरुण बॉम्बकडे वळतात, हे त्यांचे निदान होते. या निदानात शस्त्रबंदीलाही जागा होती. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले होते आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली होती. शस्त्र हिरावलेल्या राष्ट्राची उमेद खचते, आणि जे घरच्या घरी बनवता येते ते कायद्याने थांबत नाही, असा त्यांचा रोख होता. 22 जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. कायद्याबद्दलचे टिळकांचे निदान पुढच्या काळाने खरे ठरवले. मात्र ज्या दोघींचा कोणाशीच वाद नव्हता त्यांच्या मरणाचा भार या मांडणीत हलका होतो, आणि दहशतवादाचे नैतिक स्वरूप नेमके तिथेच आहे: ज्याच्याशी वैर नाही त्याला दुसऱ्याला भिववण्याचे साधन करणे.

ही उणीव गांधींनी पाहिली. 1909 च्या नोव्हेंबरात लंडनहून परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिले, ते हिंसेचा मार्ग धरलेल्या तरुणांना उत्तर म्हणून. मुंबई सरकारने मार्च 1910 मध्ये त्या गुजराती पुस्तकावरही बंदी घातली. बॉम्बला विरोध करणारे पुस्तक आणि बॉम्ब यांतला फरक भ्यालेल्या सरकारला करता आला नाही. सरकारी अतिरेकाची व्याख्या करायला हा एक दाखला पुरेसा आहे.

स्वातंत्र्यानंतर शस्त्राचा प्रश्न संविधान सभेत आला. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. त्याच धर्तीवर ह. वि. कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. परक्या राजवटीपुढे केलेली मागणी स्वतःच्या प्रजासत्ताकात जशीच्या तशी धरता येत नाही, आणि सर्वांना मूलभूत हक्क दिला तर समाजाला धोकादायक असलेल्यांनाही तो द्यावा लागेल, ही त्यांची भूमिका होती. अमेरिकेने 1791 मध्ये दुसऱ्या घटनादुरुस्तीने उलट वाट धरली, आणि 2008 मध्ये हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले. शाळांतल्या हत्याकांडांनंतरही तिथे तो वाद सुटत नाही, हे पाहता आंबेडकरांचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण त्या निर्णयात एक गृहीत होते: निःशस्त्र नागरिकाचे रक्षण राज्य करील, आणि राज्यापासून त्याचे रक्षण न्यायालय करील.

कोकणच्या किनाऱ्यावर या गृहीताची परीक्षा दोनदा झाली. 1993 च्या सुरुवातीला रायगडातील दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके आणि शस्त्रे उतरवली गेली. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे मेली. सीमाशुल्क खात्यातले आणि पोलिसांतले काही जण यात दोषी ठरले. किनारा उघडा पडला तो कायद्याच्या अभावाने नव्हे, लाचेने. दुसऱ्यांदा, 26 नोव्हेंबर 2008 रोजी, ‘कुबेर’ ही पळवलेली मासेमारी नौका वापरून दहा दहशतवादी मुंबईत आले आणि 166 जणांचा जीव गेला. कफ परेडच्या मच्छीमारनगरात ते रबरी होडीतून उतरले तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारला तो तिथल्या कोळ्यांनी. त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, नौकांची नोंदणी आणि रंगसंकेत आले. आचऱ्याच्या पिरावाडीतून समुद्रावर जाणाऱ्यालाही आता कागद जवळ ठेवावे लागतात. हे बंधन फारसे कोणाला जाचत नाही. कारण समोर दिसते, तपासणी सर्वांची सारखी होते, आणि कागद दाखवला की माणूस सुटतो.

बंधन कोणते जाचते आणि कोणते जाचत नाही, हे समजून घ्यायला आचऱ्याची गावपळण उपयोगी पडते. दर काही वर्षांनी, बहुधा भात घरात आल्यावर, सारे गाव तीन दिवस तीन रात्री घरेदारे सोडून वेशीबाहेर जाते. गुरे, कोंबड्या, कुत्रीही बरोबर असतात. शाळा आणि बाजारपेठ बंद होतात. जातीधर्माचा भेद न करता माणसे राहुट्या उभारून राहतात. त्या काळात ग्रामदैवत रामेश्वराचा गण गावात वावरतो अशी समजूत आहे. राज्याने असा हुकूम काढला असता तर त्याला संचारबंदी म्हटले गेले असते. पण इथे आधी देवाला कौल लावला जातो. उजवा, म्हणजे अनुकूल, मिळाला तरच गाव निघते, आणि परतण्यासाठीही कौल घेतात. गाऱ्हाणे सर्वांसमोर मोठ्याने घातले जाते आणि जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. यात दोन गोष्टी आहेत. बंधन घालण्याआधी विचारले जाते, आणि ते साधारण कधी सुटणार हे निघतानाच ठाऊक असते.

या उदाहरणाला मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. देवाचा कौल म्हणजे मतदान नव्हे, तो लावणारे मानकरी वंशपरंपरेने ठरतात. ज्याची श्रद्धा नाही किंवा ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्याचा होकार खरोखर होकार आहे की शेजाऱ्यांच्या नजरेचा धाक, हा प्रश्न उरतोच. शिवाय गाव सोडून जाणाऱ्याला तुरुंगाची भीती नसते, तर राज्याच्या बंधनामागे ती असते. तरीही विचारणे आणि मुदत या दोन कसोट्या गावाबाहेरही लागू होतात, किंबहुना तुरुंगाची भीती असते तिथे त्या अधिक कडक हव्यात.

मुदतीच्या कसोटीवर दहशतवादविरोधी कायद्यांचा प्रवास उलट्या दिशेने झाला आहे. 1985 चा ‘टाडा’ ठरावीक वर्षांसाठी होता, म्हणून तो वाढवायचा तर संसदेला पुन्हा पुन्हा विचारावे लागे. देशभर पंचाहत्तर हजारांहून अधिक लोकांना त्याखाली पकडले, शिक्षा झालेल्यांचे प्रमाण अगदी थोडे होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी 1995 मध्ये खासदारांना पत्र लिहून मुदतवाढीला विरोध केला, आणि त्या मे महिन्यात कायदा संपला. 2002 च्या ‘पोटा’लाही तीन वर्षांची मुदत होती, तो 2004 मध्येच रद्द झाला. पण त्याच वेळी त्यातल्या अनेक तरतुदी 1967 च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे ‘यूएपीए’त, गेल्या, आणि या कायद्याला मुदत नाही. 26 नोव्हेंबर 2008 नंतर तीन आठवड्यांत लोकसभेने तो आणखी कडक केला. आरोपपत्राविना कोठडी 180 दिवसांपर्यंत नेता येऊ लागली. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असे कलम 43-डी आले. 2019 पासून केवळ संघटनेला नव्हे, एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येते.

अशा कायद्यांसाठी मोजावी लागणारी किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. सप्टेंबर 2006 च्या मालेगाव स्फोटांसाठी नऊ मुस्लिम पुरुषांना ‘मकोका’खाली पकडले. त्यांची पाचेक वर्षे तुरुंगात गेली, आणि एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना आरोपमुक्त केले. भीमा-कोरेगावच्या ‘यूएपीए’ प्रकरणात खटला उभा राहण्याआधीच 84 वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जुलै 2021 मध्ये कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात वारले. बॉम्ब ठेवणारे हात खरे असतात आणि मेलेली माणसेही खरी असतात. म्हणूनच चुकीच्या माणसाला पाच वर्षे डांबणे हा मेलेल्यांवरही अन्याय आहे, कारण तेवढा काळ खऱ्या हातांचा शोध थांबलेला असतो.

1 फेब्रुवारी 2021 रोजी के. ए. नजीब याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खटला वाजवी काळात संपण्याची चिन्हे नसतील तर कलम 43-डी असूनही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. आरोपीचा तेव्हा पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. संसदेने न घातलेली मुदत अशा रीतीने न्यायालयाला घालावी लागली. मात्र ती आपोआप लागू होत नाही. प्रत्येक बंदिवानाला ती मागण्यासाठी वकील करून स्वतंत्रपणे न्यायालयापुढे उभे राहावे लागते.