कुणी बिघडवलं आणि का बिघडलं

सोमवारी सकाळी आमचं कॉफी मशीन बंद पडलं. अगदी मेलं नव्हतं. दिवे लागत होते, पंप घर्र आवाज करत होता, पण कपात थेंब पडत नव्हता. तीनदा बटण दाबलं, तिन्ही वेळा तेच. पंधरा मिनिटांनी कॉल होता आणि डोकं आधीच तापलेलं होतं.

कॅप्सूल टाका, बटण दाबा, एक कप कॉफी घ्या, असलं हे छोटं मशीन. मी आणि माझ्या रूममेटनं अर्धे-अर्धे पैसे घालून तेरा हजारांना घेतलेलं. आदल्या दिवशी मावशींनी ओटा पुसला होता आणि मशीनची एक बाजू ओली दिसली होती, हे मला आठवलं. काल ओलं होतं, आज बंद आहे. झालं, हिशेब लागला.

मावशी आल्यावर मी लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "मावशी, काल मशीन धुतलंत का? आत पाणी गेलंय वाटतं."

"नाही हो दादा. वरून फडकं मारलं फक्त."

"बंद पडलंय ते."

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं नळ बंद करून त्यांनी विचारलं, "केवढ्याचं आहे ते?"

मी आकडा सांगितला. आमच्या घरच्या झाडू-भांड्यांचे त्यांना महिन्याला अडीच हजार मिळतात. म्हणजे पाच महिन्यांचा पगार, वर पाचशे. हे गणित मी तेव्हा केलं नाही. त्यांनी नक्की केलं असणार.

मी म्हणालो, "बघू."

हा लेख खरं तर त्या 'बघू'बद्दल आहे. मी ओरडलो नाही, पैसे कापीन असंही म्हणालो नाही. विचारलात तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी फक्त एक प्रश्न विचारला होता. पण ज्याच्या हातात दुसऱ्याचा पगार आहे, त्यानं असा प्रश्न विचारून 'बघू' म्हटलं, की तो प्रश्न राहत नाही.

ते बघायला मला शनिवार उजाडला. आठवडाभर मी ऑफिसची कॉफी पीत होतो, त्यामुळे घाई नव्हती. शनिवारी सकाळी मशीन ओढायला गेलो तेव्हा दिसलं, की ओटा लख्ख होता, पण मशीनच्या भोवती वीतभर जागा कुणी हातच लावलेली नव्हती. कॉफीचे वाळलेले डाग, साखरेचे दाणे आणि धूळ तशीच. पाच दिवस मावशींनी मशीनपासून अंतर ठेवून ओटा पुसला होता.

मशीन मात्र मी नीट, पद्धतीनं तपासलं. या मशीनच्या पोटात फार काही नसतं. मागे पाण्याची टाकी, तिच्या तळाला एक व्हॉल्व्ह, मग पाणी ओढणारा छोटा पंप, मग पाणी तापवणारा धातूचा ठोकळा आणि शेवटी कॅप्सूलला भोक पाडणारी सुई. पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं. ते कुठे अडतंय एवढंच शोधायचं.

दिवे लागतात, म्हणजे वीज येतेय. टाकी काढून पुन्हा बसवली, व्हॉल्व्ह नीट उघडत होता. कॅप्सूल न घालता चालवून पाहिलं, तरी पाणी नाही, म्हणजे दोष कॅप्सूलचा नाही. पंपात हवा अडकली असेल म्हणून औषधाच्या सिरिंजनं टाकीच्या जागेवरच्या भोकातून पाणी आत ढकललं. चार थेंब आले. प्लग काढून सुई टाचणीनं साफ केली. आता बारीक धार आली, पण तुटक आणि कोमट. म्हणजे पंप ठीक आहे, सुई मोकळी आहे, मधला रस्ता अरुंद झालाय.

मग मी पहिल्यांदा माहितीपुस्तिका उघडली. मशीनवर एक नारिंगी दिवा दिवाळीपासून लुकलुकत होता. मी तो रोज पाहत होतो आणि रोज सोडून देत होतो. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम चालतोय तोवर वॉर्निंगकडे कुणी बघत नाही, ती सवय. पुस्तिकेत लिहिलं होतं: हा दिवा लागला की आतला क्षार काढा. दर तीन महिन्यांनी काढा. आमच्या मशीनला दीड वर्ष झालं होतं.

आमच्या सोसायटीत अर्धं वर्ष टँकरचं पाणी येतं, बोअरचं. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की ते बाहेर पडतं आणि जिथे तापलं तिथेच चिकटून बसतं. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. पोटाला चालेल तेवढं पाणी मशीनच्या नळीला चालतंच असं नाही.

किराणा दुकानातून लिंबूसत आणलं, अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे घातलं, थोडं मशीनमधून फिरवलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा फिरवलं. पांढरट पाणी आलं आणि त्यात अंड्याच्या कवचासारखे बारीक कपचे. दोन टाक्या साधं पाणी फिरवून धुतल्यावर मशीन पूर्ववत झालं.

तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी भांड्यातलं ते पाणी पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "खार आहे हा. टँकरच्या पाण्याचा. आमच्या हंड्याला पण बसतो. महिनाभर त्याचा आवाज वेगळाच येत होता, दादा."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचं उत्तर मला आमच्या ऑफिसात सापडलं.

आमच्याकडे एखादी सिस्टिम कोसळली की नंतर पोस्टमॉर्टेम होतं. म्हणजे सगळे बसून काय घडलं ते मिनिटामिनिटानं लिहितात. त्याचा पहिला नियम असा, की कुणावर दोष ठेवायचा नाही. २०१२ साली एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी यावर लिहिलं आणि मग ही पद्धत सॉफ्टवेअरच्या जगात पसरली. त्यामागची कल्पना विमान आणि रुग्णालयांतल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांकडून आलेली आहे. तर्क साधा आहे. शिक्षा होणार असं दिसलं की माणूस माहिती लपवतो आणि माहिती लपली की खरं कारण सापडत नाही. म्हणून 'कोणी केलं' हे बाजूला ठेवून 'का झालं' हे विचारायचं.

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात असंच बंद पडलेल्या एका मशीनचं उदाहरण दिलंय. मशीन का थांबलं? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का नव्हतं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कचरा आत गेला. पाच वेळा 'का' विचारलं आणि पाचही उत्तरांत एकाही माणसाचं नाव नाही.

या पद्धतीचा फायदा मी स्वतः घेतलाय. गेल्या वर्षी एका शुक्रवारी मी चुकीचं कॉन्फिगरेशन टाकलं आणि चाळीस मिनिटं ग्राहकांचे पैसे भरणं बंद पडलं. ते नुकसान तेरा हजारांच्या कितीतरी पट होतं. पोस्टमॉर्टेममध्ये माझं नावसुद्धा आलं नाही. लिहिलं होतं, 'बदल तपासणारी पायरी प्रक्रियेत नव्हती.' मॅनेजरनं विचारलं, "तुला त्या वेळी स्क्रीनवर काय दिसत होतं?" मी सगळं सांगितलं, कारण सांगायला भीती नव्हती.

हा न्याय मी घरी आणला नाही. ऑफिसात तो मला मिळाला. घरी द्यायची वेळ आली तेव्हा मी पहिल्याच पायरीला माणूस शोधला, आणि शोधला तोही सगळ्यात कमी पगाराचा. त्यात माझं तांत्रिक नुकसानही झालं. खऱ्या कारणाची माहिती घरात एकाच माणसाकडे होती. 'तुम्ही केलंत का?' असं न विचारता 'तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?' असं विचारलं असतं, तर सोमवारीच दहा मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे. आळ. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, नाहीतर चोरीचा आळ येतो, हे आजीकडून आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यामागे स्यमंतक मण्याची गोष्ट आहे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी घालून शिकारीला जातो आणि परत येत नाही. आळ कृष्णावर येतो. मग कृष्ण स्वतः माग काढत जातो. आधी प्रसेनाचं प्रेत, तिथून सिंहाच्या पाउलखुणा, पुढे मेलेला सिंह, तिथून अस्वलाच्या खुणा, आणि शेवटी जांबवंताची गुहा. पायरी-पायरीनं मूळ कारणापर्यंत. आमच्या भाषेत उत्तम डीबगिंग.

पण आता त्या गोष्टीतली एक बाब मला खुपते. तपासाचं सगळं ओझं आळ आलेल्यावर आहे. कृष्णाकडे वेळ होता, ताकद होती, जांबवंताशी कित्येक दिवस झुंजायची तयारी होती. मावशींनी काय करायचं? माझ्या मशीनचा स्क्रू त्या उघडू शकत नाहीत. उघडला असता तर तोच पुरावा झाला असता. आणि आजी सांगते तो नियमही आळ येऊ नये म्हणून काय पाळावं याचा आहे. आळ घेणाऱ्यानं काय पाळावं, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नाही. मला वाटतं ते एवढंच असावं: संशय मला आलाय, तर तपास मी करायचा, आणि तो पूर्ण होईपर्यंत त्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं नाही. मी ते पाच दिवस ठेवलं, कारण मला पर्यायी कॉफी मिळत होती.

शनिवारी मी मावशींना म्हणालो, "मशीन झालं नीट. पाण्यामुळे झालं होतं. कुणाचीच चूक नव्हती." त्या म्हणाल्या, "बरं झालं." मला हलकं वाटलं.

ते वाटणं रात्रीपर्यंत टिकलं नाही. 'कुणाचीच चूक नव्हती' हे वाक्य मशीनबद्दल जवळजवळ खरं होतं. पाणी, क्षार, मी न पाहिलेला दिवा, अशी ती साखळी. पण त्या आठवड्यात दोन गोष्टी बिघडल्या होत्या आणि मी एकाच वाक्यात दोन्ही उरकल्या. मशीन बंद पडलं त्याला कारण होतं. आळ घेतला गेला त्याला कर्ता होता.

पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६२ साली 'फ्रीडम अँड रिझेंटमेंट' या निबंधात एक फरक सांगितला. एखाद्याकडे आपण हाताळण्याची किंवा दुरुस्त करण्याची बाब म्हणून पाहू शकतो. किंवा ज्याच्यावर रागावता येतं, ज्याची माफी मागता येते, असा माणूस म्हणून. पहिली नजर वाईटच असते असं नाही. पण माणसामाणसांतलं नातं दुसऱ्या नजरेवर उभं असतं. ऑफिसात ती पहिली, थंड नजर मला वाचवते, कारण तिथे प्रश्न सिस्टिमचा असतो. मावशींसमोर मी तीच वापरली आणि तिच्याआड लपलो. 'पाण्यामुळे झालं' म्हणताना मी स्वतःलाही त्या साखळीतली एक कडी करून टाकलं. कडीला माफी मागावी लागत नाही.

रविवारी मी लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, "मावशी, सोमवारी मी तुमच्यावर उगाच आळ घेतला. न बघता बोललो. आठवडाभर तुम्हाला टांगून ठेवलं. चूक माझी होती."

त्या तव्याला घासणी मारत होत्या. "असू दे, दादा," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "मी घरी पण सांगितलं होतं, पैसे भरायला लागतील म्हणून."

यावर मला काही बोलता आलं नाही. आजही सुचत नाही. त्यांच्या घरी तो आकडा कुणी कुणी ऐकला असेल, कुठला खर्च पुढे ढकलला गेला असेल, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मशीन आता उत्तम चालतं. फोनवर दर तीन महिन्यांचं रिमाइंडर आहे: लिंबूसत. मावशी अजूनही ओटा पुसताना मशीनच्या अलीकडे थांबतात. तेवढी जागा मी पुसतो.