टेबलावर उरलेलं

गावातल्या एखाद्या मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचं, तिकिटांचं, कार्डांचं प्रदर्शन भरलं असेल, तर शक्यतो दुपारी जा. सकाळी जाणकारांची झुंबड असते. चांगला माल आधी हलतो आणि त्या घाईत बघायचंच राहून जातं. जेवणाच्या सुमारास गर्दी ओसरते, विक्रेते डबे उघडून बसतात. तेव्हा आत शिरा. काय घ्यायचं ते ठरवू नका. आधी सगळ्या टेबलांवरून नुसती नजर फिरवा. नाण्यांचे ट्रे, नोटांचे अल्बम, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, बबलगमसोबत मिळायची ती क्रिकेटपटूंची चित्रं, कोपऱ्यात पोकेमॉनची कार्डं मांडून बसलेली कॉलेजची मुलं.

यातल्या बहुतेक वस्तू जपून ठेवण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. काडेपेटी संपली की फेकायची, तिकीट पाकिटासकट केरात जायचं, पैसा खर्चून टाकायचा. एवढं मनात ठेवा आणि एका टेबलापाशी थांबा.

समोर तांब्याच्या शिवराया आहेत. काळपट, ओबडधोबड, ट्रेभर. विक्रेत्याला विचारून एक उचला, कडेला धरून. आकाराच्या मानानं ती जड लागते. ते वजन बोटांना कळू द्या, मग भिंग लावा. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ असतं, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. तुमच्या हातातल्या नाण्यावर मात्र हे सगळं बहुधा दिसणार नाही. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान आणि घाव हातोड्याचा. त्यामुळे कुठे ‘श्री’ कडेबाहेर गेलेला असतो, कुठे ‘शिव’मधला ‘व’ अर्धाच उमटतो. ती खाली ठेवा, दुसरी घ्या. हिच्यावर ‘राजा’ स्वच्छ आहे, पण खालची ओळ गायब. तिसरी घ्या. तीन-चार शेजारी मांडल्या की अक्षरं जुळत जातात. सावकाश जुळू द्या. माणसं एकाच प्रकारची शेकडो नाणी का गोळा करतात, हे मला तरी अशा वेळी नीट उमगतं.

१६७४च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं पुढे पेशवाईत अनेक टांकसाळींत पडत राहिलं, तेही शिवाजी महाराजांच्याच नावानं. इंग्रजी अमलातही ते बाजारात चालत होतं. म्हणजे तुमच्या हातातली शिवराई महाराजांच्या हयातीतली असेलच असं नाही. दोन आडव्या रेघांची दुदांडी तर बरीच उशिराची. प्रामाणिक विक्रेता हे स्वतःहून सांगतो. पण आता मन जरा ट्रेबाहेर जाऊ द्या. या पन्नास-साठ आपल्यापुढे आहेत. ज्या नाहीत, त्या कुठे गेल्या? किती तांबटाच्या भट्टीत वितळून घंगाळ झाल्या असतील? किती नदीत टाकल्या गेल्या असतील, किती मातीत गेल्या असतील? त्यांचा आकडा काढू नका. त्या होत्या, एवढंच काही क्षण मनात धरा.

पुढच्या टेबलावर चांदी आहे. राणी छाप रुपया. साल १८६२. या सालाकडे नीट बघा, कारण ते पुरतं खरं नाही. पुढे दहाएक वर्षं रुपये पडत राहिले तरी त्यांवर साल १८६२च राहिलं. मागच्या बाजूला सालाजवळ बारीक ठिपके आहेत; ते मोजून संग्राहक खरं वर्ष लावू पाहतात. भिंगाखाली एकेक ठिपका मोजत जा. या मोजणीत श्वास आपोआप संथ होतो, मुद्दाम काही करावं लागत नाही.

रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सोनार तो वजन म्हणूनही तराजूत टाकायचे. आता कड तपासा. एखाद्या रुपयाला वरच्या बाजूला छोटा उंचवटा असतो, डाग लावल्याची खूण. कुणीतरी तिथे कडी जोडून तो माळेत ओवला होता. संग्राहक अशा नाण्याला नाक मुरडतात आणि भाव निम्म्यावर येतो. मला ते पटत नाही. हा रुपया आटवून त्याचे तोडे झाले असते. कडी लागली म्हणून तर तो गळ्यात टिकला. त्या उंचवट्यावरून अंगठा फिरवा. ही माळ कुणाच्या लग्नात केली असेल, कुठल्या दुष्काळात सोडवून विकली असेल, याचा विचार आला तर येऊ द्या.

भोकाचा पैसा दिसला तर तोही बघा. युद्धाच्या दिवसांत, १९४३ पासून, धातू वाचवायला त्याच्या मधोमध भोक ठेवलं गेलं. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नये पैसे आले, आणि चलनातून उतरलेला हा पैसा कित्येक घरांत नटबोल्टाखाली वायसर म्हणून लागला.

आता कोपऱ्यातल्या त्या मुलांकडे जा. त्यांची कार्डं पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद केलेली आहेत आणि वर दहापैकी गुण लिहिले आहेत. एकही कोपरा दुमडलेला नाही. पोकेमॉनच्या कार्डांचा हा खेळ १९९६मध्ये जपानात सुरू झाला, म्हणजे इथली जुन्यात जुनी कार्डंसुद्धा या मुलांहून थोडीच मोठी. हसू नका त्यांना. अमेरिकेत १९५२ साली टॉप्स कंपनीनं बेसबॉलपटूंची कार्डं छापली. त्यातली न खपलेली खोकी १९६०मध्ये न्यूयॉर्कजवळ समुद्रात नेऊन बुडवली, असं कंपनीच्या साय बर्गर यांनी पुढे सांगितलं. त्याच मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. जगात कुठेही जा, दुर्मीळ वस्तूची किंमत अशीच ठरते. बाकीच्या बुडाल्या, जळाल्या, वितळल्या, तिचा भाव वाढला. त्या मुलाला विचारा, त्याचं सगळ्यात आवडतं कार्ड कोणतं. ते बहुधा विकायला नसतं. तो दाखवील. पूर्ण ऐकून घ्या.

परतताना शिवरायांच्या टेबलापाशी पुन्हा थांबा आणि एकच प्रश्न विचारा: हा लॉट कुठला? उत्तर बहुतेक वेळा तोकडं असतं. ‘एक वाडा पाडला, तिथला.’ ‘मोडीत आला.’ कुणाच्या फडताळात होत्या, कुणी साठवल्या, सुपारीसोबत कलशात पडायच्या की मुलांच्या खेळात, हे सांगणारं कुणी नसतं. नाणी टिकली, ही माहिती गेली. मला या हानीचं जास्त वाईट वाटतं, कारण ती टाळता आली असती.

एखादी शिवराई परवडत असेल तर घ्या. झिजलेली चालेल, स्वस्त पडते. घरी आणून चिंचेनं घासू नका. काळपटपणा गेला की नाण्याचं वय पुसलं जातं. कागदाच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर शाईनं लिहा: कुठे घेतली, कोणत्या तारखेला, विक्रेत्यानं काय सांगितलं. वाड्याचं गाव कळलं असेल तर तेही लिहा.