तुझ्याच भल्यासाठी

बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतलेल्या बाईचं हिंजवडी किंवा खराडीच्या ऑफिसांत स्वागत छान होतं. टेबलावर फुगे असतात, केक कापला जातो, बाळाचे फोटो हातोहात फिरतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात येऊ लागतं, की आपण उभा केलेला प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलाय आणि क्लायंट कॉलच्या यादीत आपलं नाव नाही. मॅनेजरला विचारावं, तर तो मोठ्या भावाच्या मायेने सांगतो, "अगं, बाळ लहान आहे. रात्रीचे कॉल, धावपळ, कशाला? वर्षभर सपोर्टचं काम बघ. तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय."

या बोलण्यात दुष्टावा शोधूनही सापडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. कुणी तोंडावर अपमान केला, तर दोन शब्द सुनावता येतात. काळजीशी भांडायचं कसं? भांडलं तर आपणच कृतघ्न ठरतो. पण या काळजीत एक गोष्ट राहून गेलेली असते. तिला कुणी विचारलेलंच नसतं. घरी आजी आहे का, नवऱ्याने संध्याकाळ आपल्याकडे घेतलीय का, पाळणाघर ठरलंय का, यातलं काहीही माहीत नसताना तिला काय झेपेल याचा निकाल लागलेला असतो. त्याच मजल्यावर त्याच महिन्यात बाप झालेला एक जण बसलेला असतो. रात्रीचे कॉल सोड, असं त्याला कुणी म्हणत नाही. उलट, आता संसाराची जबाबदारी वाढली म्हणून तो अधिक भरवशाचा वाटू लागतो.

हे केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज लोकांपुढे ठेवले; फरक इतकाच, की काहींत उमेदवाराला मूल असल्याचा उल्लेख होता. आई असलेल्या उमेदवार कमी सक्षम आणि कमी पगाराच्या लायक ठरल्या. वडिलांना तसा फटका बसला नाही.

काम हलकं केलं, की पुढचं अप्रेझल आपोआप हलकं होतं. सहा महिने रजा, उरलेल्या सहा महिन्यांत दुय्यम काम, मग रेटिंग कुठून येणार? बेल कर्व्हच्या तळाशी कुणाला तरी बसवायचंच असतं. रजेवरून आलेलीला बसवलं, तर टीममध्ये फारशी कुरकुर होत नाही. 'नियम सगळ्यांना सारखाच', असं म्हणून विषय संपतो. पण सारखा नियमही अन्याय करू शकतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या नितीशा खटल्यात स्पष्ट केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या दोन महिला न्यायाधीशांची बडतर्फी रद्द करताना, त्यांतल्या एकीचं काम मोजताना तिचा गर्भपात आणि आजारपण लक्षात घ्यायला हवं होतं, असं याच न्यायालयाने बजावलं. जिथे न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईलाही हे भोगावं लागतं, तिथे प्रोबेशनवरच्या पोरीची काय कथा!

कायदा आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळायला हवा. रजेच्या कारणावरून कामावरून काढणं किंवा सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. प्रत्यक्षात दूध काढायला ती फर्स्ट-एडच्या खोलीत जाते. दाराला आतून कडी नसते, म्हणून मैत्रीण बाहेर पहारा देते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा करार सांगतो, की परतलेल्या स्त्रीला तीच जागा किंवा त्याच पगाराची तोलामोलाची जागा मिळालीच पाहिजे. भारताने तो स्वीकारलेला नाही.

पण कायद्याच्या मागे एक जुना प्रश्न उभा आहे. हा खर्च कुणी सोसायचा? जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न हाताळला होता. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमांचा फायदा घेणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला. आज जवळपास शंभर वर्षांनी, ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेच्या बाहेर असलेल्या बाईच्या २६ आठवड्यांचा सगळा पगार मालकच देतो. मग तो हिशेब मांडतो, आणि मुलाखतीत लग्नाचा विषय हळूच काढला जातो.

या हिशेबात सहकारीही भरडले जातात, हे मान्य करायला हवं. बदली माणूस न नेमता तिचं काम चौघांत वाटून दिलं, की चौघंही चिडतात. 'ती सहा महिने घरी बसली आणि आम्ही मेलो', हे वाक्य कँटीनमध्ये सर्रास ऐकू येतं. राग खोटा नाही, पण तो चुकीच्या पत्त्यावर जातो. ती मजेत सुटीवर नव्हती, आणि बदली माणूस न घेण्याचा निर्णय तिचा नव्हता. तो ज्यांनी घेतला त्यांना मात्र कुणी जाब विचारत नाही.

तिने काय करावं? तोंडी सांगितलेलं सगळं त्याच दिवशी ईमेलवर उतरवावं: 'आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक काम माझ्याकडून काढलं आहे, कारण कळवावं.' कारण लिहून द्यायची वेळ आली, की काळजीचा सूर बराच खाली येतो. एचआरने दाद दिली नाही, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. ही कटकट लहान मूल सांभाळत करायची आहे, याची मला कल्पना आहे. म्हणूनच सगळा भार तिच्यावर टाकणं हा दुसरा अन्याय होईल.

पहिली जबाबदारी ज्याच्या हाती अधिकार आहे त्याची. भलं करायचंच असेल, तर आधी विचारावं: तुला आत्ता कोणतं काम हवंय? हाच प्रश्न नव्या बापालाही विचारावा. काहींना खरंच वर्षभर हलकं काम हवं असतं, त्यांना ते मिळावं आणि त्यापायी रेटिंग कापलं जाऊ नये. आणि तिने 'माझा प्रोजेक्ट मला परत द्या' असं सांगितलं, तर तो द्यावा. त्यात उपकार कसले? तो तिचाच होता.