छापलेली सावली

बेन निकोल्सन हा ब्रिटिश चित्रकार. त्याच्या ‘1935 (व्हाइट रिलीफ)’ या कामाचं एक प्रिंट आमच्या बाहेरच्या खोलीत लावलं आहे. पांढऱ्यावर पांढरं. आयत आणि दोन वर्तुळं, बस्स. पहिल्यांदा घरी येणारा थोडा वेळ बघतो आणि मग पंख्याकडे बघू लागतो.

मूळ काम लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. महोगनीची फळी, मीटरभर उंच आणि दीड मीटरहून जास्त रुंद. निकोल्सननं ती कमी-जास्त खोलीवर कोरली आणि सगळीला पांढरा रंग दिला. रेघ अशी त्यात एकही ओढलेली नाही. फळीची पातळी जिथे बदलते तिथे सावली पडते, तीच रेघ. ही वाट त्याला 1933च्या अखेरीस पॅरिसमध्ये सापडली, असं सांगतात. रेघा कोरताना दोन रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथला टवका उडाला आणि खळगा पडला. दुसऱ्या कुणी तो बुजवला असता.

पांढऱ्या रिलीफचं, म्हणजे अशा कोरीव उठावाचं, अर्धं काम हातानं केलेलं, अर्धं उजेडावर सोपवलेलं. त्याच्या हॅम्पस्टेडच्या स्टुडिओत दिवस चढेल तशा या रेघा जाड-बारीक होत असणार.

प्रिंटमधली सावली मात्र शाईची. फोटो काढला तेव्हाचा उजेड तिच्यात कायमचा थांबलेला. आमच्या प्रिंटमध्ये तो डावीकडून, वरून येतो आणि आमची खिडकी आहे उजवीकडे. सकाळी साडेसातच्या सुमाराला ऊन भिंतीवर येतं आणि खोलीत दोन उजेड होतात. डोळा घरच्या उजेडावर विश्वास ठेवतो. मग कोरून खोल केलेलं वर्तुळ हळूच फुगून वर येतं. खळग्याची थाळी होते. बघणारा जागचा हललेला नसतो, कागद तर सपाटच असतो. पापणी लवली की पुन्हा खळगा. मुद्दाम बघायला गेलं तर हे होत नाही. चहाचा कप हातात असताना, सहज नजर गेली तर होतं.

पांढऱ्या रिलीफचं प्रिंट काढूच नये, असं जाणकार म्हणतील. मला ते पटतं. निकोल्सनची त्याच काळातली रंगीत चित्रं, तांबड्या, निळ्या, करड्या चौकोनांची, कागदावर बरीचशी शाबूत उतरतात. हे काम तसं उतरत नाही. तरी दुकानात दोन्ही समोर असताना हात याच्याकडे गेला.

समोरच्या भिंतीवर लावलं तर खिडकी डावीकडे येईल आणि दोन्ही उजेड जुळतील, असं घरात सुचवून झालं आहे. बरोबरच आहे ते. खिळा मात्र मी अजून ठोकलेला नाही.