हाताची ऊब आणि हाताची सत्ता

२०१६ च्या सिंहस्थात उज्जैनच्या रामघाटावर आम्ही एक दृश्य पाहिले. क्षिप्रेच्या पायरीवर बसलेल्या एका वृद्धेच्या सुजलेल्या गुडघ्यांवरून एक गृहस्थ, चार बोटांचे अंतर राखून, आपले तळहात फिरवीत होते. विश्वातील प्राणशक्ती आपल्या हातांतून रोग्याच्या देहात उतरते, असे त्यांचे सांगणे होते. पैसे त्यांनी घेतले नाहीत. काही वेळाने ती बाई उठली, बरे वाटले म्हणाली आणि डोळे पुसून चालू लागली. आमचे स्नेही हसले. आम्हांला हसू आले नाही. कारण तिचे बरे वाटणे खोटे नव्हते. मग खोटे होते ते काय?

हा दावा नवा नाही, आणि त्याची परीक्षाही झालेली आहे. मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने फ्रँकलिन, लाव्हाझिए प्रभृतींकडून करविली. शक्ती भरलेले झाड ओळखण्यासाठी डोळे बांधून नेलेला मुलगा भलत्याच झाडापाशी मूर्च्छित पडला. पुढे अमेरिकेत एमिली रोझा या लहान मुलीने एकवीस उपचारकांना पडद्याआड हात ठेवावयास लावले आणि आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच विचारले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २८० पैकी १२३ उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तरी याहून अधिक आली असती.

तथापि केवळ खंडनाने त्या वृद्धेच्या अश्रूंचा अर्थ लागत नाही. तो लावण्यासाठी आम्हांला एका गोमंतकीयाची आठवण होते. उज्जैनचे महाकालमंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारणारे, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर मूळचे कोकणातले. त्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेस, कांदोळी येथे १७५६ मध्ये आबे फारिया जन्मले. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये लोकांना संमोहननिद्रा आणून दाखवीत. आपल्या देहातून अद्भुत शक्ती वाहते, असे त्यांनी म्हटले असते तर शिष्यांना तोटा नव्हता. त्यांनी नेमके उलट सांगितले: माझ्यातून काहीही निघत नाही; जे घडते ते निद्रिस्ताच्या स्वतःच्या एकाग्रतेमुळे आणि श्रद्धेमुळे घडते. ह्या प्रामाणिकपणाच्या वाट्याला हेटाळणीच आली, आणि १८१९ मध्ये ते विपन्नावस्थेत निवर्तले. पणजीत त्यांचा पुतळा आज उभा आहे, तो हात पसरून. परंतु त्या हातांची सत्ता त्यांनी स्वतःच नाकारली होती, हे तेथून जाणाऱ्या कितीजणांच्या ध्यानी येत असेल?

यावर कोणी म्हणेल, रोग्याला सुख होत असेल तर त्याचा भ्रम का मोडावा? आमच्या आप्तांपैकी एक बाई स्तनातील गाठीवर आठ महिने असाच उपचार घेत राहिल्या. उपचारक लबाड नव्हते. स्वतःच्या हातांवर त्यांची मनापासून श्रद्धा होती. त्या श्रद्धेनेच शस्त्रक्रियेची वेळ दवडली. कर्करोगादी व्याधींवर चमत्कारी उपायांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु माजघरात प्रेमाने दिलेल्या आश्वासनाला कोणता कायदा आवरणार? तेथे सदसद्विवेकाखेरीज दुसरा पहारेकरी नाही.

म्हणून नीतीची रेषा श्रद्धा आणि विज्ञान यांच्यामध्ये ओढली जाते, असे आम्हांला वाटत नाही. एक मनुष्य दुसऱ्याजवळ शांतपणे बसला, त्याच्या दुखण्याकडे त्याने लक्ष दिले, तर वेदना सुसह्य होते. हे दान घाईत असलेल्या दवाखान्यांनीही शिकावे असे आहे. मात्र देणाऱ्याने त्याचे मोल वाढवून सांगू नये. ‘मी तुमच्याजवळ बसतो, पण औषध सोडू नका,’ असे जो म्हणतो तो सेवक. ‘माझ्या हातांत शक्ती आहे,’ असे जो म्हणतो तो, पैसा न घेताही, रोग्याचा निर्णय आपल्या हाती घेतो. साक्षात महाकालाच्या नगरीत तरी मनुष्याने एवढी नम्रता बाळगावयास हवी.