कॉस्तची आडवी रेघ

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या इसेक्स परगण्यात, ओट्स इथल्या मॅशम कुटुंबाच्या घरी, दोन माणसं एकाच पुस्तकावर काम करत बसली होती. एक जॉन लॉक, पुस्तकाचा लेखक. दुसरा पिएर कॉस्त, फ्रान्समधून परागंदा झालेला प्रॉटेस्टंट. तो त्या घरातल्या मुलाचा शिक्षक होता आणि लॉकच्या मानवी आकलनावरच्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवादकही. लेखक हाकेच्या अंतरावर, अडलं की विचारून घ्यावं. अनुवादकाला याहून काय हवं? तरीही कॉस्त अडला.

अडला तो 'कॉन्शसनेस'पाशी. आपण जाणीव वेगळी ठेवतो, सदसद्विवेकबुद्धी वेगळी. इंग्रजीतही त्यांचे दोन शब्द झाले होते. फ्रेंचमध्ये मात्र 'कॉन्सियाँस' हा एकच शब्द, आणि तोही तेव्हा मुख्यतः पापपुण्याची टोचणी सांगणारा. लॉकला टोचणी नको होती. कालचा मी आणि आजचा मी एकच कशावरून, तर माझं मला जाणवतं त्यावरून, असं त्याचं म्हणणं. सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा. कॉस्तने मग तो शब्द मधोमध तोडला, आडवी रेघ घातली, 'कॉन-सियाँस' असं लिहिलं आणि खाली टीप जोडली. फ्रेंच तत्त्वज्ञ मालब्रांशने हा शब्द अशा अर्थाने आधी वापरला होता, एवढाच काय तो दिलासा. अनुवाद १७०० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये निघाला.

गंमत म्हणजे हे होणार हे लॉकच्याच पुस्तकात लिहिलेलं होतं. एका भाषेतल्या कितीतरी शब्दांना दुसरीत जोड सापडत नाही, असं तो तिसऱ्या भागात म्हणतो. कारण कल्पनांच्या मोळ्या निसर्ग बांधत नाही. माणसं आपापल्या चालीरीतींच्या गरजेप्रमाणे बांधतात.

दुसरा अडथळा 'अनईझिनेस'चा. माणूस हलतो तो चांगल्याच्या ओढीने नव्हे, तर काहीतरी उणं असल्याने जिवाला चैन पडत नाही म्हणून, हा लॉकचा मुद्दा. कॉस्तने 'अँकिएत्यूद' हा शब्द योजला, पुन्हा टीप देऊन. लॉकच्या ग्रंथाला उत्तर लिहिणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्सची सारी भिस्त या फ्रेंच अनुवादावर. त्याला तो शब्द आवडला आणि त्यावरून जर्मन 'उनरूहं' आठवला. त्याचा अर्थ अस्वस्थता, शिवाय घड्याळातलं सतत डुलणारं चक्रही. झालं! आपल्याही आत अशी बारीक चाळवाचाळव अखंड चालू असते आणि ती आपल्याला कळतही नाही, असं त्याने मांडलं. लॉकच्या वाक्यात घड्याळ नव्हतं. ते दोन भाषा ओलांडताना आलं, आणि माझ्या मते मूळ शब्दापेक्षा जास्त सांगून गेलं. १७०४ साली लॉक वारला, तसं लायब्नित्सने हे लिखाण बाजूला ठेवलं. ते छापलं गेलं १७६५ साली, त्याच्याही मृत्यूनंतर.

विसाव्या शतकात हा प्रश्न शब्दावरून वाक्यावर सरकला. विने आणि दार्बेल्ने या भाषाभ्यासकांनी १९५८ साली फ्रेंच-इंग्रजी शैलींची तुलना करणारं पुस्तक काढलं. इंग्रज नदी पोहतो आणि 'पलीकडे' हे एका चिमुकल्या अव्ययावर सोडतो. फ्रेंच माणूस नदी ओलांडतो, पोहत. (आपणही पोहूनच पार करतो.) पुढच्याच वर्षी भाषाशास्त्रज्ञ याकोबसनने सांगितलं की भाषांमधला फरक काय सांगता येतं यात नाही, काय सांगावंच लागतं यात आहे. इंग्रजीत 'फ्रेंड'बरोबर जेवलो म्हणून सुटता येतं. फ्रेंच आणि मराठी लगेच विचारतात, मित्र की मैत्रीण? याकोबसनचं पटतं, पण त्याने कॉस्तची टीप टळत नाही.

बार्बरा कासँ यांनी २००४ साली अननुवाद्य शब्दांचा जाडजूड फ्रेंच कोश संपादित केला. अननुवाद्य म्हणजे ज्याचा अनुवाद होत नाही ते नव्हे, तर ज्याचा अनुवाद करणं कधी संपत नाही ते, अशी त्यांची भूमिका. त्यात कॉस्तच्या रेघेचीही कहाणी आहे, एतिएन बालिबार यांनी लिहिलेली. नोंदीचं नाव 'कॉन्सियाँस'. मग २०१४ साली अननुवाद्यांचा हा कोशच इंग्रजीत आला, आणि तिथे त्या नोंदीच्या माथ्यावर 'कॉन्शसनेस' छापावं लागलं.