निकाल आणि माणूस



'निकाल' हा शब्द आपण न्यायालयात, शाळेत आणि क्रीडांगणावर सारखाच वापरतो. त्यामुळे एक प्रश्न सहसा आपल्या ध्यानातच येत नाही. निकाल कशाचा लागतो? खेळाचा, की खेळणाऱ्या माणसाचा?

विम्बल्डनच्या हिरवळीवर १४ जुलै २०१९ रोजी झालेला पुरुष एकेरीचा अंतिम सामना आठवून पाहा. रॉजर फेडरर ह्यांनी २१८ गुण मिळवले, नोवाक जोकोविच ह्यांनी २०४. गेमही फेडरर ह्यांचेच अधिक : ३६ विरुद्ध ३२. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी आणि सर्व्हिस हाती असताना, विजेतेपद दोन वेळा त्यांच्यापासून अवघ्या एका गुणावर होते. तरीही ४ तास ५७ मिनिटांच्या झुंजीनंतर चषक जोकोविच ह्यांनी उचलला.

हा अन्याय झाला काय? तसे म्हणता येणार नाही. टेनिसमध्ये सर्व गुणांची बेरीज करून विजेता ठरत नाही. गुणांनी गेम, गेमांनी सेट आणि सेटांनी सामना ठरतो. हा नियम दोघांनाही आधीपासून ठाऊक होता. जोकोविच ह्यांनी तिन्ही टायब्रेक जिंकले आणि पराभवाच्या उंबरठ्यावर मन ढळू दिले नाही. त्यांचा विजय निर्भेळ होता.

परंतु नियम माणसेच घडवतात, हेही विसरू नका. शेवटच्या सेटमध्ये १२-१२ अशी बरोबरी झाल्यावर टायब्रेक घेण्याचा नियम विम्बल्डनला त्याच वर्षी आला होता. २०२२ पासून ६-६ ह्या बरोबरीलाच दहा गुणांचा टायब्रेक घेतला जाऊ लागला. म्हणजे निकाल न्याय्य असतो, तो ठरलेल्या मोजपट्टीपुरता. जे त्या पट्टीने मोजलेच नाही, त्याविषयी तो काहीही सांगत नाही.

आता दुसरा प्रसंग पाहा. १९९३ साली महिलांच्या अंतिम सामन्यात याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होत्या. आणखी एक गुण मिळताच ५-१ अशी आघाडी झाली असती. त्याच क्षणी त्यांच्याकडून डबल फॉल्ट झाला, आणि पुढचे पाचही गेम स्टेफी ग्राफ ह्यांनी जिंकले. पारितोषिक समारंभात नोवोत्नांना अश्रू आवरेनात. उपविजेतेपदाचे पारितोषिक देणाऱ्या डचेस ऑफ केंट ह्यांनी त्यांना जवळ घेतले, आणि त्या त्यांच्या खांद्यावर मस्तक टेकवून रडल्या.

त्या खांद्याने निकाल बदलला नाही. 'तुम्हीच खऱ्या विजेत्या' असे म्हणणे खोटे ठरले असते, आणि ग्राफ ह्यांच्यावर अन्यायकारकही. परंतु निकालाखाली एक माणूस उभा आहे, एवढे त्या आलिंगनाने सर्वांना दाखवून दिले.

आपण म्हणाल, 'नोवोत्ना पुढे १९९८ साली विजेत्या झाल्याच की!' झाल्या खऱ्या. नाताली तोझिया ह्यांना हरवून त्यांनी तेच मैदान जिंकले. परंतु त्या कधीच जिंकल्या नसत्या, तर १९९३ चे ते सांत्वन वाया गेले असते काय? पुढील यशाच्या भरवशावर दिलेले प्रेम हे एक प्रकारचे कर्जच असते. त्याची परतफेड मागितली जाते. खरे सांत्वन परतफेड मागत नाही.

एकेरीच्या मुख्य स्पर्धेत १२८ खेळाडू उतरतात आणि त्यांपैकी १२७ जण हरून परततात. माणसाचे मोल केवळ जिंकण्यात असेल, तर ह्या १२७ जणांना आपण काय म्हणावे? त्यांच्यावाचून तर विजेत्याला विजयही नसता, कारण त्याच्यासमोर कोणी उभेच राहिले नसते.

वाचकहो, विम्बल्डन दूर आहे. परंतु दरवर्षी परीक्षांचे निकाल आपल्याच उंबरठ्यावर येतात. हातात गुणपत्रिका घेऊन मूल दारात उभे असते आणि आपल्या चेहऱ्याकडे पाहत असते. गुण कमी असतील तर ते कमीच आहेत. त्यांना अधिक म्हणू नका. कोठे चुकले, ह्याचा विचार उद्या सकाळी त्याच्याबरोबर बसून करा. मात्र त्या क्षणी आपली दृष्टी आधी कोठे जाते, कागदाकडे की मुलाकडे? त्याचे उत्तर ते मूल आयुष्यभर लक्षात ठेवील.